घरात सात माणसं, तरी करमत नाही: एका सर्वेक्षणातलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका देशव्यापी सर्वेक्षणातलं आहे. साठीच्या पुढच्या माणसांना लाभणारी सोबत, त्यांची नाती आणि त्यांच्या मनाचं बरं-वाईट हा त्याचा विषय होता. मराठी बोलणाऱ्या जिल्ह्यांतल्या पथकांचं काम माझ्याकडे होतं. सर्वेक्षण, गाव किंवा माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत, काही बदलले आहेत. निर्णय कसे झाले आणि कुठे चुकले ते मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे.

एकटेपणा मोजायचे प्रश्न आमच्या घरचे नव्हते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 1978 साली 20 वाक्यांची एक मोजपट्टी तयार झाली. वयस्कांच्या मोठ्या पाहणीत फोनवर 20 वाक्यं विचारणं जमेना, म्हणून 2004 मध्ये त्यातून तीनच प्रश्न काढले गेले. सोबतीची उणीव किती वेळा भासते, आपल्याला वगळलं जातंय असं किती वेळा वाटतं, इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं. उत्तरं तीन: क्वचितच, कधीकधी, बऱ्याचदा. बेरीज 3 ते 9. या तिन्ही प्रश्नांत 'एकटेपणा' हा शब्द नाही, कारण आपण एकटे आहोत हे कबूल करायला माणसाला संकोच वाटतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2018 मध्ये हेच तीन प्रश्न सुचवले आणि जोडीला 'तुम्हाला किती वेळा एकटं वाटतं' हा थेट प्रश्न ठेवला. त्याच वर्षी जानेवारीत तिथे एका मंत्र्याकडे या विषयाची जबाबदारी आली. जपानने 2021 मध्ये तेच केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून 2025 च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो असं म्हटलं आहे.

आपल्याकडे देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 'लासी' ही वाढत्या वयाच्या माणसांची देशव्यापी पाहणी केली. तिच्या 2017-18 च्या पहिल्या फेरीत पंचेचाळिशीच्या पुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून 72,000 हून अधिक जणांच्या मुलाखती झाल्या. त्यात नैराश्याच्या प्रश्नांमध्ये गेल्या आठवड्यात किती दिवस एकटं वाटलं, हेही विचारलेलं आहे. आमचं सर्वेक्षण वेगळं, पण प्रश्नांचं घराणं हेच. वरचे चार प्रश्न, 'तुम्हाला कोणाकोणाचा आधार आहे' यावरचे काही, आणि एकूण आयुष्याबद्दल किती समाधान आहे ते 0 ते 10 मध्ये.

मराठी प्रश्नपत्रिका रीतसर तयार झाली होती. एकाने मराठीत आणलं, दुसऱ्याने मूळ न पाहता परत इंग्रजीत नेलं, दोन्ही ताडून पाहिलं. 'एकाकी' शब्द सहीसलामत परत आला. 'सहवासाची उणीव' आली, 'अलिप्त' आला. शहरातल्या दोन घरांत चाचणी झाली, दोन्ही घरांत पेन्शन घेणारे शिक्षक होते. मीही मान डोलावली. उलट भाषांतरातून एवढंच सिद्ध झालं होतं की दोन शिकलेल्या माणसांना एकमेकांची भाषा कळते.

प्रश्न कसा उभा राहिला

कोकणातल्या एका तालुक्यात आमचं पथक गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर लगेच उतरलं. पाऊस ओसरत होता, भातं पोटरीला आली होती, चाकरमानी मुंबईला परतले होते. पथकात चार अन्वेषक, म्हणजे घरोघरी मुलाखती घेणारे, होते. त्यांतली एक मुलगी त्याच जिल्ह्यातली, आईबरोबर लहानपणापासून वाड्या-वाड्यांत फिरलेली. तिची आई आशा सेविका होती.

आठवडाभराने माहिती तपासणाऱ्या विभागाचा निरोप आला. टॅबलेटमधून आलेल्या उत्तरांवर रोज काही ठरावीक चाळण्या लावल्या जातात: कोणाची मुलाखत फार लवकर संपते, कोणाची फार लांबते, कोणाची उत्तरं इतरांपेक्षा फार वेगळी पडतात. या मुलीचं नाव दोन चाळण्यांत अडकलं होतं. तिच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांत 'बऱ्याचदा एकाकी वाटतं' म्हणणारी माणसं बाकीच्या तिघांच्या मानाने कितीतरी जास्त होती. आणि त्या चार प्रश्नांवर ती इतरांच्या तिप्पट वेळ थांबत होती. निरोपात तीन शक्यता मांडल्या होत्या: उत्तरं घरी बसून भरली आहेत, उत्तर सुचवलं जात आहे, किंवा प्रश्न समजलेलाच नाही.

माझ्या मनात चौथी शक्यता आली. वाडीत सर्वेक्षणवाले आले की पहिला प्रश्न असतो, "पेन्शनचं काय झालं?" श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार या योजनांचे पैसे किती घरांना लागतात ते मला ठाऊक होतं. आपण एकटे आहोत, आपलं कोणी नाही, असं सांगितलं तर नाव लागेल, अशी आशा कुणी धरली असेल तर त्यात त्या माणसांची चूक नाही. मुलीने ती आशा खोडून काढली नसेल, असं मला वाटलं.

इथे मी पहिला निर्णय घेतला, आणि तो घाईचा होता. तिला काम थांबवायला सांगितलं. कारण विचारण्याआधी.

समोर काय काय पर्याय होते

तिने केलेल्या सगळ्या मुलाखती बाद करून दुसऱ्या अन्वेषकाला त्याच घरांत पाठवणं हा सर्वांत सरळ मार्ग होता. मुख्य कार्यालयाचा कल तिकडेच होता. पण पथकाच्या राहण्याचा आणि गाडीचा खर्च दुप्पट झाला असता. त्याहून मोठी अडचण वेगळी होती: ज्या म्हातारीने एकदा मन मोकळं केलं तिला आठ दिवसांनी परक्या माणसाने तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, आणि का, तर पहिल्यांदा सांगितलेलं आम्हाला खरं वाटलं नाही म्हणून.

दुसरा पर्याय, काहीच न करता उत्तरं तशीच ठेवायची आणि अन्वेषकामुळे पडणारा फरक पुढे गणिताने काढून टाकायचा. देशपातळीवर हे होऊ शकतं, होतही असतं. पण गणिताला कोण बरोबर आणि कोण चूक ते कळत नाही. ते सगळ्यांना सरासरीकडे ओढतं. तिची उत्तरं खरी आणि बाकीच्यांची अपुरी असतील, तर खऱ्यालाच मुरड पडली असती.

तिसरा पर्याय ध्वनिमुद्रण ऐकण्याचा. गुणवत्ता तपासणीसाठी मुलाखतीचे काही तुकडे टॅबलेट आपोआप मुद्रित करत असे. तशी संमती आधी घेतलेली असे. मात्र वाडीत रेंज नव्हती. त्या फायली टॅबलेट तालुक्याला आणल्यावरच निघणार होत्या, म्हणजे आणखी चार दिवस.

चौथा, मी स्वतः जाऊन काही घरांत पडताळणी करायची. तो सर्वांत लवकर होणारा होता, म्हणून मी तोच निवडला.

केलेली कार्यवाही

पाच घरांत गेलो. गाडी वाडीच्या तोंडाशी लावली, गळ्यात ओळखपत्र, हातात कागद. पाचही ठिकाणी ओटीवर खुर्ची आली, चहा आला, घरातलं कोणी ना कोणी शेजारी उभं राहिलं. एका घरातल्या आजींनी पदर सावरला, मुलाकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "एकटी कशी असंन? सात माणसं हायत घरात." मुलानेच पुढचं वाक्य पुरं केलं, "आईला काय कमी आहे, साहेब?" पाचांपैकी चार बायकांनी मला 'क्वचितच' असं उत्तर दिलं. त्याच बायकांनी त्या मुलीला 'बऱ्याचदा' सांगितलेलं होतं.

मी ते खोटेपणाचा पुरावा म्हणून लिहून पाठवलं. या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक हीच. पडताळणीचा माझा अर्थ एवढाच होता की दुसऱ्यांदा विचारल्यावर तेच उत्तर यायला हवं. दुसऱ्यांदा विचारणारा कोण आहे, कुठे बसून विचारतो आहे, शेजारी कोण उभं आहे, हे मी जमेस धरलंच नाही.

चार दिवसांनी फायली निघाल्या. आमच्या पथकातल्या अनुभवी महिला पर्यवेक्षक आणि मी, दोघांनी मिळून ऐकायला घेतल्या. पहिल्याच मुलाखतीत भांड्यांचे आवाज, कोंबड्या, मग त्या मुलीचा आवाज: "आजी, तुमची ओवळ केवढी वाढली हो, दाखवा ना मला परसदारी." थोडा वेळ चालण्याचे आवाज. मग पाटावर बसल्याचा, तवसं कापल्याचा. तिने आधी छापील प्रश्न वाचला. आजींनी तेच उत्तर दिलं जे मला दिलं होतं, सात माणसं. मग ती थांबली. आणि म्हणाली, "ते हायतच आजी. पण करमतं का तुम्हाला?"

बराच वेळ काही आवाज नाही. मग: "करमत नाय गो बाय. गणपती गेले नि घर खायला उठतं."

आम्ही तिच्या मुलाखतींचे बरेच तुकडे ऐकले. ती कुठेही पेन्शनबद्दल काही बोललेली नव्हती; उलट दोन ठिकाणी स्पष्ट सांगत होती की यातून पैसे मिळणार नाहीत. एकही उत्तर तिने घरी बसून भरलेलं नव्हतं. तिने दोन गोष्टी नियमाबाहेर केल्या होत्या. जिच्याशी बोलायचं तिला काही ना काही निमित्ताने घरच्यांपासून बाजूला नेलं होतं, गोठ्याकडे, विहिरीवर, मागच्या पडवीत. आणि उत्तर अडलं की छापील शब्द सोडून 'करमतं का' असं विचारलं होतं.

मग बाकीच्या तिघांच्या फायली ऐकल्या. त्या ऐकताना मला जास्त वाईट वाटलं. एका अन्वेषकाने चारही प्रश्न एका दमात वाचले होते, उत्तर सून देत होती, आणि टॅबलेटवर 'क्वचितच' चार वेळा दाबलं गेलं होतं. त्याच्या जवळजवळ सगळ्या मुलाखती अशाच होत्या. चाळणीत तो कधीच सापडला नव्हता, कारण आमची चाळणी जास्त दुःख दाखवणाऱ्याला पकडायची आणि दुःखच न दाखवणाऱ्याला सोडून द्यायची.

आम्ही तिला बोलावलं. तिचं म्हणणं साधं होतं. "सर, एकाकी शब्द आमच्याकडे कोण बोलत नाही. आणि 'एकटी' म्हटलं की बायकांना वाटतं, नवरा नाही का किंवा टाकलेली आहे का असं विचारतेय." ती पुढे म्हणाली, "पहिल्या दिवशीच मी सांगणार होते. पण प्रश्नात बदल करायचा नाही असं ट्रेनिंगला तीनदा सांगितलं होतं, म्हणून नाही सांगितलं." आमच्या शिस्तीने तिला एवढंच शिकवलं होतं की अडचण आली तर ती लपवायची.

तिचं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. बसवून ठेवलेल्या दिवसांचं मानधन तिला मिळालं, पण त्यासाठी मला दोन वेळा लिहावं लागलं, कारण कामावर नसलेल्या दिवसाचे पैसे देण्याची सोय नियमात नव्हती.

शब्दांचा शोध

आता प्रश्न उलटा झाला होता. तिचा शब्द बरोबर मानून सगळीकडे 'करमतं का' घालायचं का? मला तेव्हा तसंच वाटत होतं. महिला पर्यवेक्षकांनी अडवलं. आधी 'करमत नाही' म्हणजे लोकांना काय म्हणायचं असतं ते तरी पाहू, असं त्या म्हणाल्या.

नमुन्यात नसलेल्या शेजारच्या वाडीत आम्ही काही घरं घेतली. निम्म्या ठिकाणी छापील प्रश्न आधी, निम्म्या ठिकाणी 'करमतं का' आधी. दोन्हीकडे उत्तरानंतर एकच विचारायचं: "असं का वाटतं ते सांगाल का?" या वेळी मी ओटीवरच थांबलो, विचारणं बायकांनी केलं. म्हाताऱ्या पुरुषांशी मात्र मी बोललो.

'करमत नाही' या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी निघाल्या. काहींना नुकताच गेलेला मुलगा आणि नातवंडं आठवत होती. ते रितेपण आठ-पंधरा दिवसांत ओसरणारं होतं, आणि आम्ही नेमके त्याच दिवसांत पोचलो होतो. काहींचं काम सुटलं होतं. एका आजोबांना मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं होतं, जाळं विणणं बंद झालं होतं, दिवस जाता जात नव्हता. त्यांच्याकडे माणसांची कमी नव्हती, संध्याकाळी देवळात बैठक असे. आणि काहींचं खरोखर ते होतं जे सर्वेक्षणाला हवं होतं: भरल्या घरात आपलं म्हणावं असं कोणी नाही.

रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले. मराठीत ते फार सोपे होतात: गोतावळा नसणं आणि जिवाभावाचं माणूस नसणं. पहिलं घरातली डोकी मोजून थोडंफार कळतं, दुसरं मुळीच कळत नाही. सात माणसांच्या घरातल्या आजींना गोतावळा होता.

म्हणजे छापील प्रश्न कमी पकडत होता आणि तिचा प्रश्न जरा जास्त पकडत होता. सत्य कुठेतरी मध्ये होतं, आणि ते मान्य करणं तिला आणि मला सारखंच जड गेलं.

बाकीचे शब्दही तपासले. 'वगळलं जातं' याचा अर्थ बहुतेकांना रेशनकार्डातून किंवा मतदारयादीतून नाव वगळणं असा लागत होता. त्याच्या जागी वाडीतच सारखं ऐकू येणारं वाक्य सापडलं: "मला कोण विचारतंय?" मराठीत हे 'विचारणं' दोन्ही अर्थांचं आहे, प्रश्न करणं आणि मान देणं. घरातल्या गोष्टींत तुम्हाला विचारत नाहीत असं किती वेळा वाटतं, म्हटलं की कोणालाही समजावून सांगावं लागत नव्हतं. 'आधार' हा शब्द तर पूर्णच गेला होता. "तुम्हाला कोणाचा आधार आहे?" म्हटलं की माणसं आत जाऊन कार्ड घेऊन येत. तिथे 'अडीनडीला कोण धावून येतं' हे बसलं. समाधानाचे 0 ते 10 ही आकडेमोड शाळेत न गेलेल्या माणसांना अवघड जात होती. एका आजोबांनी आपणहून सांगितलं, "बारा आणे बरं चाललंय." पण आण्यांचा हिशेब साठीतल्या माणसांना आठवत नाही, ऐंशीतल्यांना आठवतो, म्हणून ते सगळ्यांना लावता येईना. शेवटी 10 पायऱ्यांच्या शिडीचं चित्र दाखवायचं ठरलं.

मुख्य कार्यालयाशी बोलणं

त्यांची हरकत रास्त होती. देशातल्या सगळ्या भाषांत तोच प्रश्न हवा, नाहीतर महाराष्ट्राचा आकडा शेजारच्या राज्याशी ताडता येणार नाही. अर्ध्या मुलाखती झाल्यावर शब्द बदलला, तर आधीच्या आणि नंतरच्या मुलाखतीही एकमेकींशी ताडता येणार नाहीत. माझं म्हणणं एवढंच होतं की शब्द तोच राहिला तरी अर्थ आजही सारखा नाही.

प्रश्न शब्दशः वाचायचा की ऐकणाऱ्याला समजेल असा बोलून विचारायचा, हा वाद या क्षेत्रात जुना आहे. मायकल शोबर आणि फ्रेडरिक कॉनरॅड यांनी 1997 मध्ये दाखवलं होतं की माणसाची परिस्थिती प्रश्नातल्या शब्दात सरळ बसत नसेल, तेव्हा अन्वेषकाला समजावून सांगायची मोकळीक दिली तर उत्तरं जास्त अचूक येतात. त्याची किंमत वेळात मोजावी लागते. ते प्रयोग घर आणि नोकरीसारख्या, खरं-खोटं ताडून पाहता येणाऱ्या गोष्टींवर होते. मनातल्या गोष्टीला तो दाखला किती लागू पडतो, असा प्रतिप्रश्न आला, आणि त्यात तथ्य होतं.

तोडगा असा निघाला. थेट प्रश्नाचं छापील वाक्य तसंच राहिलं, पण त्याच्या आधी सगळ्यांनी, सगळीकडे, एकच ठरलेलं वाक्य वाचायचं: "काही वेळा घरात माणसं असतात, तरी आपलं मन कळणारं कोणी नाही असं वाटतं." स्वतःच्या मनाने आणखी काही जोडायचं नाही. 'विचारत नाहीत' आणि 'अडीनडीला' हे बदल मान्य झाले, कारण तिथे मूळ अर्थच पोचत नव्हता. 'करमतं का' हा वेगळा प्रश्न म्हणून शेवटी जोडला, त्याचे गुण मुख्य बेरजेत धरायचे नाहीत.

एकांताचा मुद्दा मात्र त्यांनी पहिल्याच बोलण्यात उचलून धरला. शेजारी कोण होतं, याची नोंद प्रश्नपत्रिकेत आधीपासून होती, पण ती मुलाखतीच्या अगदी शेवटी, सगळ्या मुलाखतीसाठी मिळून एकदाच. आता या भागाच्या सुरुवातीलाच नोंद घ्यायची ठरली: कोण कोण ऐकू येईल इतक्या अंतरावर आहे. एकांत मिळाला नाही तर तसं लिहायचं आणि पुढे जायचं. घरच्यांना दटावून बाहेर काढायचं नाही. सुनेला दुखावून अन्वेषक निघून जाईल, पण त्याचे बोल नंतर आजींना ऐकावे लागतील.

ज्याचा कुणी विचार केला नव्हता

फायली ऐकताना आणखी एक गोष्ट कळली. एक आजी मुलाखतीत रडल्या होत्या, बराच वेळ. मुलीने टॅबलेट बाजूला ठेवला होता, पाणी आणून दिलं होतं, आणि रविवारी सुट्टीच्या दिवशी ती एसटीने पुन्हा त्यांच्याकडे जाऊन आली होती. कुणाला न सांगता.

तिला यासाठी काय म्हणायचं, यावर आमच्यात एकमत नव्हतं. नियमाने हे चूक होतं. माणूस म्हणून ती बरोबर होती. पण ती आठवड्याने दुसऱ्या तालुक्यात जाणार होती, आणि ज्यांना कोणी येत नाही त्यांच्याकडे येऊन मग न येणं, ही जखम आम्हीच करणार होतो. शेवटी असं ठरलं की पर्यवेक्षकांनी तिच्यासोबत एकदा जायचं, आता येणं होणार नाही हे नीट सांगायचं, निरोप घ्यायचा. आजींची हरकत नसेल तरच आशा सेविकेला सांगायचं. त्यांनी होकार दिला. मात्र घरात कळता कामा नये, अशी अट घातली, आणि ती आम्ही पाळली.

मन दुखवणारे प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाकडे काहीतरी देण्यासारखं हवं, ही गोष्ट आमच्या आराखड्यात नव्हती. तेव्हापासून मुलाखत संपल्यावर प्रत्येक घरात एक चिठ्ठी देतो: ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन 14567, मानसिक आरोग्यासाठीची टेलीमानस 14416, आणि गावच्या आरोग्य केंद्राचं नाव. कोणाला दिली, कोणाला नाही, असा भेद करत नाही, म्हणजे चिठ्ठी मिळाल्यावरून घरच्यांना काही ओळखता येत नाही.

काय निष्पन्न झालं

नवीन पद्धतीने काम सुरू झाल्यावर चारही अन्वेषकांच्या उत्तरांतला फरक कमी झाला. संपला नाही. त्या मुलीचे 'बऱ्याचदा' थोडे उतरले, बाकीच्यांचे बरेच चढले. सुनेकडून उत्तरं घेणाऱ्या अन्वेषकाला पुन्हा प्रशिक्षण दिलं. तो सुधारला, पण एकांत मिळवणं त्याला शेवटपर्यंत कठीण गेलं. तरुण पुरुषाला माजघरापलीकडे प्रवेश नसतो, यात त्याचा दोष नाही. म्हाताऱ्या बायकांच्या मुलाखती शक्यतो बायकांनीच घ्याव्यात, हे पथक नेमतानाच ठरायला हवं होतं.

आधी झालेल्या मुलाखती बाद केल्या नाहीत. प्रत्येकीवर खूण केली: जुना शब्द की नवा, शेजारी कोणी होतं की नाही, ध्वनिमुद्रणातून कळलं की अन्वेषकाच्या आठवणीवरून. विश्लेषण करणाऱ्याने त्या घ्यायच्या की सोडायच्या ते स्वतः ठरवावं. काही सहकाऱ्यांना हे अर्धवट वाटलं. मला आजही वाटतं की जे झालं ते दिसत राहणं बरं.

पुन्हा हेच प्रकरण हाती आलं तर

तिला थांबवण्याआधी मी फायलींसाठी चार दिवस थांबेन. त्या चार दिवसांनी काहीच बिघडणार नव्हतं. आणि पडताळणीला जाणारं माणूस पहिल्या माणसापेक्षा घराला जास्त परकं असेल, तर उत्तर बदललं यावरून कोणालाही खोटं ठरवणार नाही.

चाळण्या दोन्ही बाजूंनी लावेन. ज्याच्याकडे कुणीच दुःखी नाही त्याचीही फाईल ऐकेन. हे नुसतं न्यायासाठी नाही. एका अन्वेषकाच्या पद्धतीचा ठसा त्याच्या सगळ्या मुलाखतींवर पडतो, आणि संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांच्या सूत्राने त्याची किंमत काढता येते: 1 + (म − 1) × र. म म्हणजे एका अन्वेषकाच्या मुलाखती, र म्हणजे त्यांच्यातला सारखेपणा. उदाहरण म्हणून 40 मुलाखती आणि र फक्त 0.05 धरला, तरी उत्तर 2.95 येतं. 40 ला त्याने भागलं की त्या 40 मुलाखतींचं मोल सुमारे 14 स्वतंत्र मुलाखतींएवढंच उरतं. पाऊस, गाडी, चिखल, सगळं सोसून मिळवलेल्या माहितीचा दोनतृतीयांश भाग असा वाहून जातो, आणि अहवालातल्या नमुन्याच्या आकड्यात ते कुठेच दिसत नाही.

भाषांतर झाल्यावर पहिली चाचणी शिक्षकांच्या घरी घेणार नाही. अन्वेषकांनाच पहिल्या आठवड्यात विचारेन: कुठला शब्द वाचताना तुमची जीभ अडखळते? ती मुलगी पहिल्या दिवसापासून सांगायला तयार होती.

आणि दिवस. 'गेल्या आठवड्यात' म्हटल्यावर तो आठवडा कुठला, हे कोकणात विसरून चालत नाही. पुढच्या फेरीचं वेळापत्रक आलं, तेव्हा या वाड्या पुन्हा गणपतीनंतरच्याच पंधरवड्यात पडल्या होत्या. या वेळी मी लिहून निम्म्या वाड्या मार्गशीर्षात ढकलायला लावल्या, भातं झोडून झाल्यावर, शिमग्याला बराच अवकाश असताना. उरलेल्या निम्म्या मुद्दाम तिथेच ठेवल्या आहेत. गणपती गेल्यानंतरचं रिकामं घर आणि एरवीचं घर, यांत किती अंतर आहे ते तरी त्यातून मोजता येईल. पथकाची पर्यवेक्षक म्हणून या खेपेला तीच मुलगी जाते आहे.